किनेक्ट : साडेतीन कोटी घरांत पोहोचून दिवाणखान्यात न रुजलेला शोध

२५ ऑक्टोबर २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने किनेक्टचं, म्हणजे टीव्हीवर खेळ खेळायच्या एक्सबॉक्स या कन्सोलला जोडायच्या आणि समोरच्या माणसाची हालचाल ओळखणाऱ्या पट्टीचं, उत्पादन थांबवल्याची बातमी आली. तोवर सुमारे साडेतीन कोटी किनेक्ट विकले गेले होते. त्यानंतर नऊ दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, ॲपलचा आयफोन टेन बाजारात आला. त्याच्या पडद्याच्या वरच्या काठाला जी काळी खाच होती, तिच्यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश फेकणारा एक प्रोजेक्टर होता, त्याने फेकलेले ठिपके टिपणारा एक कॅमेरा होता आणि त्या ठिपक्यांवरून चेहऱ्याचं अंतर मोजणारं गणित होतं. पहिल्या किनेक्टमध्येही हेच तीन घटक होते. एकाच पंधरवड्यात एक यंत्र बंद झालं आणि त्याच्या पोटातली कल्पना लोकांच्या खिशात जाऊन बसली.

हालचाल ओळखणारी आणि व्हिडिओवर माणसं जोडणारी यंत्रं ज्यांना समजून घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. किनेक्टच्या अपयशाचं खापर बहुतेक वेळा तंत्रावर फोडलं जातं: हात नीट ओळखला जायचा नाही, प्रतिसाद उशिरा यायचा, वगैरे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. माझ्या मते किनेक्टने घराकडून फार मागितलं, आणि त्याच्या बदल्यात जे दिलं ते थोड्याच लोकांना रोज हवं होतं. हे म्हणणं पटतं का ते ठरवण्याआधी यंत्र आतून कसं चालायचं ते पाहिलं पाहिजे.

साध्या कॅमेऱ्याची अडचण

किनेक्ट आला तेव्हा हालचालीवर चालणारे खेळ नवे नव्हते. सोनीने २००३ मध्ये आयटॉय नावाचा साधा कॅमेरा आपल्या प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी आणला होता. निन्टेन्डोच्या वी (Wii) या कन्सोलने २००६ पासून हातात धरायच्या रिमोटमध्ये त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारा भाग, बसवून मनगटाचा झटका टिपायला सुरुवात केली, आणि त्या यशाने सगळा उद्योग हलला.

दोन्हींची मर्यादा उघड होती. वीला रिमोटचा झटका कळायचा, तो धरणारा माणूस मात्र दिसायचा नाही. आयटॉयला चित्र दिसायचं, पण चित्रातलं माणूस कुठलं आणि मागची भिंत कुठली हे सांगता यायचं नाही. साध्या कॅमेऱ्यापुढे लाल सदरा घालून लाल सोफ्यासमोर उभे राहा, तुमची कड हरवते. दिवा मालवला की सगळंच हरवतं. शिवाय कॅमेऱ्याला दिसणारा लहान माणूस खरंच लहान आहे की लांब उभा आहे, हे एका सपाट चित्रातून खात्रीने सांगता येत नाही.

यावर उपाय एकच होता: चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा रंग टिपण्याबरोबर तो बिंदू किती लांब आहे तेही मोजायचं. असे अंतरमापक कॅमेरे तोवर प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत होते, आणि किमतीने घरगुती वापराच्या पलीकडचे होते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या तेल अवीवच्या प्राइमसेन्स या कंपनीने हे मोजमाप स्वस्तात करण्याची युक्ती शोधली आणि तिची पेटंटं घेतली. पहिल्या किनेक्टचा डोळा प्राइमसेन्सचा होता.

ठिपक्यांवरून अंतर

किनेक्टच्या आडव्या पट्टीत डावी-उजवीकडे दोन गोष्टी साधारण साडेसात सेंटिमीटर अंतरावर बसवल्या होत्या. एक, अदृश्य इन्फ्रारेड लेझरने खोलीभर हजारो ठिपके पसरवणारा प्रोजेक्टर. दुसरा, ते ठिपके पाहणारा कॅमेरा. या दोघांच्या मध्ये एक साधा रंगीत कॅमेरा होता.

ठिपक्यांची मांडणी वरवर पाहता विस्कळीत वाटते, पण ती कायम तीच असते आणि तिचा कुठलाही छोटा तुकडा इतर तुकड्यांपेक्षा वेगळा असतो. ठरावीक अंतरावरच्या सपाट पृष्ठभागावर ही मांडणी कशी दिसते याची नोंद यंत्रात आधीच भरलेली असते. आता समोर एखादी वस्तू जवळ आली की तिच्यावर पडलेले ठिपके कॅमेऱ्याला नोंदीपेक्षा थोडे बाजूला सरकलेले दिसतात. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटला आणि मग दुसरा, तर बोट जसं मागच्या भिंतीवर उडी मारतं, तसंच हे. जितकं बोट जवळ, तितकी उडी मोठी. तुकडा किती सरकला ते मोजलं की त्रिकोणाच्या गणिताने अंतर निघतं. हे काम ६४० बाय ४८० बिंदूंच्या नकाशासाठी सेकंदाला ३० वेळा व्हायचं.

या पद्धतीचं बळ असं की तिला खोलीतला दिवा लागतच नाही, ती आपला उजेड स्वतः आणते. तिच्या दुबळ्या बाजूही याच गोष्टीतून येतात. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, त्यामुळे खिडकीतून थेट ऊन आलं की ठिपके बुडून जातात. काळं कापड प्रकाश गिळतं, काच त्याला आरपार जाऊ देते, चकचकीत टेबल तो भलतीकडे परतवतं. अशा ठिकाणी नकाशात भोकं पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतरातली चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड मीटरवर काही मिलिमीटर असणारी चूक पाच मीटरवर सुमारे चार सेंटिमीटरपर्यंत जाते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे या प्रकरणाचा निकाल बऱ्याच अंशी त्यावरच लागतो.

नकाशापासून माणसापर्यंत

अंतराचा नकाशा मिळाला म्हणजे माणूस मिळाला असं होत नाही. नकाशात उंचसखल आकार असतात. त्यातला हा कोपर, हा गुडघा, हे सांगणं हे वेगळं काम आहे, आणि माझ्या लेखी किनेक्टमधला खरा शोध इथे आहे.

त्याआधीच्या बहुतेक पद्धती माणसाचा माग काढायच्या. मागच्या चौकटीत, म्हणजे क्षणापूर्वी टिपलेल्या चित्रात, हात इथे होता, म्हणजे या चौकटीत तो जवळपासच असेल, असा त्यांचा हिशोब. त्यासाठी सुरुवातीला वापरणाऱ्याला ठरावीक पवित्र्यात उभं राहावं लागायचं, दोन्ही हात वर करून. प्राइमसेन्सच्या स्वतःच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी अट होती. शिवाय मध्येच कोणी समोरून गेलं किंवा हात फार वेगाने हलला की माग सुटायचा, आणि एकदा सुटला की पुन्हा पवित्रा घ्यायचा. घरातल्या सहा वर्षांच्या मुलाकडून आणि त्याच्या आजीकडून ही अपेक्षा करता येत नाही.

केंब्रिज इथल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या चमूने मागची चौकट लक्षात ठेवायचीच नाही असं ठरवलं. प्रत्येक चौकट स्वतंत्र, जणू माणूस आत्ताच खोलीत आला आहे. त्या एका चौकटीतल्या प्रत्येक बिंदूला विचारायचं की तू शरीराच्या कुठल्या भागाचा? भाग ठरवले ३१: डोक्याचे चार तुकडे, खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि असेच इतर.

बिंदूला विचारायचा प्रश्न आश्चर्य वाटावं इतका साधा आहे. या बिंदूपासून ठरावीक दिशेला थोडं वर गेलं तर तिथलं अंतर किती? खाली गेलं तर किती? दोन्हींत फरक किती? समजा बिंदू डोक्याच्या माथ्यावर आहे. थोडं वर गेलं की एकदम मागची भिंत लागते, म्हणजे फरक मोठा. पोटावरच्या बिंदूपासून वर गेलं तरी छातीच लागते, फरक नगण्य. एका प्रश्नाने फारसं काही कळत नाही. पण उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलत नेला, असे वीस प्रश्न एकामागून एक विचारले, आणि अशा तीन वेगवेगळ्या प्रश्नमालिकांचा कौल एकत्र केला, की भाग बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येतो. यातला सुंदर बारकावा म्हणजे ‘थोडं वर’ म्हणजे किती, हे बिंदूच्या अंतराने भागून ठरवलं होतं. दूरच्या माणसासाठी पाऊल लहान, जवळच्यासाठी मोठं. त्यामुळे माणूस दोन मीटरवर असो की साडेतीन, प्रश्न तोच राहतो आणि उत्तरही तेच येतं.

कुठले प्रश्न विचारायचे हे माणसाने ठरवलं नव्हतं. ते उदाहरणांवरून संगणकाने शिकून घेतलं. पण उदाहरणं आणायची कुठून? खऱ्या माणसांचे लाखो नकाशे गोळा करून प्रत्येक बिंदूवर हाताने नाव लिहिणं अशक्य होतं. चमूने नाचणाऱ्या, धावणाऱ्या, लाथ मारणाऱ्या माणसांच्या हालचालींच्या सुमारे पाच लाख चौकटी नोंदवल्या, आणि त्या हालचाली संगणकात तयार केलेल्या उंच, बुटक्या, जाड, बारीक शरीरांवर चढवल्या. त्यातून जे कृत्रिम अंतर-नकाशे बनले, त्यांत कुठला बिंदू कुठल्या भागाचा हे आधीच माहीत होतं. दहा लाख चित्रांवर तीन वृक्ष, म्हणजे वर सांगितलेल्या तीन प्रश्नमालिका, शिकवायला हजार प्रोसेसर-गाभ्यांच्या संगणकसमूहावर साधारण एक दिवस लागला. शिकून झाल्यावर मात्र एक्सबॉक्स ३६० च्या ग्राफिक्स चिपवर एका चौकटीचा निकाल पाच मिलिसेकंदांच्या आत लागायचा.

या कामावरच्या शोधनिबंधाला संगणकाच्या दृष्टीवर संशोधन करणाऱ्यांच्या २०११ च्या सीव्हीपीआर परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचा मॅकरॉबर्ट पुरस्कार चमूला मिळाला. कृत्रिम चित्रांवर शिकवून खऱ्या जगात वापरायची ही रीत आज सर्वत्र आहे. त्या काळी ती कोट्यवधी घरांत चालवून दाखवणं हे धाडस होतं, आणि त्याचं श्रेय त्या चमूला पुरेसं मिळालं असं मला वाटत नाही.

बटणाची उणीव

४ नोव्हेंबर २०१० रोजी किनेक्ट उत्तर अमेरिकेत विक्रीला आला, किंमत १४९.९९ डॉलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख यंत्रं गेली. गिनीज बुकाने सर्वांत वेगाने विकलं गेलेलं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून त्याची नोंद केली: दिवसाला सरासरी १,३३,३३३.

मग लोक ते वापरू लागले.

पहिली अडचण जागेची. एकट्याने खेळायचं तर यंत्रापासून सुमारे सहा फूट, दोघांनी खेळायचं तर आठ फूट मोकळी जागा लागायची. म्हणजे दिवाणखान्यातलं मधलं टेबल उचलून बाजूला ठेवणं आलं, आणि ज्या घरात ती जागाच नाही तिथे उपायच नव्हता. एका तिसऱ्याच कंपनीने किनेक्टच्या डोळ्यांवर चढवायच्या रुंद भिंगांचा चष्मा विकायला काढला आणि हे अंतर ४० टक्क्यांपर्यंत कमी होईल असा दावा केला. मूळ यंत्रावर असा चष्मा चढवावा लागतो तेव्हा अडचण किती घरांत असेल याचा अंदाज येतो.

दुसरी अडचण बारकाव्याची होती. हिशोब करून पाहू. किनेक्टला आडवी सुमारे ५७ अंशांची चौकट दिसते. तीन मीटरवर ती साधारण सव्वातीन मीटर रुंद होते. ती ६४० बिंदूंत विभागली तर एका बिंदूच्या वाट्याला पाच मिलिमीटर येतात. बोटाची रुंदी मग जेमतेम तीन बिंदू. त्यात तीन मीटरवर अंतरातली चूक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ बोटाच्या जाडीइतकी. थोडक्यात तळहात दिसतो, बोटं दिसत नाहीत. चिमूट, टिचकी, बोटाने दाबणं, यातलं काहीच यंत्राला कळण्याजोगं नव्हतं.

त्यामुळे हाताने ‘निवडलं’ हे सांगायची मुख्य सोय उरली ती अशी: हात हवेत धरून पडद्यावरच्या चौकोनावर दीड-दोन सेकंद स्थिर ठेवायचा. रिमोटचं बटण क्षणात दाबून होतं. चित्रपट लावायचा, आवाज कमी करायचा, मागच्या पानावर जायचं, अशा प्रत्येक कामाला खांद्यातून हात उचलून थांबायचं, तेही सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाने. नाचाच्या खेळांत हे कधी खटकलं नाही, कारण तिथे सगळं शरीर हलवणं हाच खेळ होता. नेमका नेम धरायच्या, झटपट प्रतिसाद लागणाऱ्या खेळांत मात्र ते चालेना. हाताची हालचाल पडद्यावर उमटायला लागणारा विलंब डोळ्यांना जाणवायचा, आणि सराईत खेळाडू तो सहन करत नाहीत. किनेक्टमध्ये आधी स्वतंत्र प्रोसेसर असणार होता, तो खर्च वाचवण्यासाठी वगळून शरीर ओळखण्याचं काम कन्सोलवर टाकलं गेल्याच्या बातम्या २०१० च्या सुरुवातीलाच आल्या होत्या. खेळ बनवणाऱ्यांच्या वाट्याची ताकद त्यातून कमी झाली.

दुर्लक्षित राहिलेला व्हिडिओ कॉल

किनेक्टबरोबर व्हिडिओ किनेक्ट नावाची सोयही आली होती. टीव्हीसमोर बसून दुसऱ्या एक्सबॉक्सवाल्याशी किंवा संगणकावर विंडोज लाइव्ह मेसेंजर ही मायक्रोसॉफ्टची गप्पांची सेवा वापरणाऱ्याशी समोरासमोर बोलता यायचं. जाहिरातींत खेळांपुढे ही सोय कुठच्या कुठे गेली, पण मला ती या यंत्राचा सर्वांत समंजस उपयोग वाटते.

त्या वेळच्या व्हिडिओ कॉलची अडचण आठवा. लॅपटॉपच्या झाकणातला कॅमेरा एका चेहऱ्यासाठी असायचा. दोघं-तिघं बोलायला बसले की अर्धे चेहरे चौकटीबाहेर. उठून उभं राहिलं की समोरच्याला पोट दिसणार. किनेक्टला खोलीतली माणसं कुठे आहेत हे आधीच माहीत असायचं, त्यामुळे कोणी सरकलं की चौकट त्याच्या मागे सरकायची. पट्टीच्या बुडाशी असलेली मोटर डोळा वर-खाली २७ अंशांपर्यंत कलवू शकायची. चार मायक्रोफोनची रांग आवाज कुठून येतोय हे ओळखायची आणि टीव्हीतून येणारा पलीकडच्याचा आवाज त्यातून वजा करायची, म्हणजे त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू यायचा नाही. सोफ्यावरून, हातात काही न धरता, सगळ्या घराने एकत्र बोलायचं. शरीराकडून काही मागणं नाही, हात उचलून धरायचा नाही. उपकरणाने माणसाकडे पाहायचं ते फक्त त्याला चौकटीत ठेवण्यासाठी.

तरी ते रुजलं नाही, आणि त्यात यंत्राचा दोष थोडा होता. कॉल करायचा तर पलीकडेही कोणीतरी हवं. लोक स्काइपवर होते, मेसेंजर उताराला लागला होता. वर एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेचं सशुल्क सदस्यत्व हवं. मायक्रोसॉफ्टने मे २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरला स्काइप विकत घेण्याचा करार जाहीर केला, पण दिवाणखान्यातल्या टीव्हीवर स्काइप नीट पोहोचायला २०१३ चा एक्सबॉक्स वन उजाडावा लागला. त्या आधीच, जून २०१० मध्ये, ॲपलने पुढचा कॅमेरा असलेला आयफोन ४ आणि फेसटाइम ही व्हिडिओ कॉलची सोय जाहीर केली होती. कॉल फोनवर गेला आणि तिथेच राहिला.

घराबाहेरचे वापर

याच काळात किनेक्टला असे लोक भेटले ज्यांनी त्याचं सोनं केलं. बाजारात आला त्याच दिवशी ॲडाफ्रूट या हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीने किनेक्टसाठी मुक्त ड्रायव्हर (तो कुठल्याही संगणकावर चालवता यावा यासाठीचं सर्वांना खुलं सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. मायक्रोसॉफ्टने नापसंती दाखवताच रक्कम २,००० आणि मग ३,००० वर नेली. आठवडाही झाला नव्हता तोच हेक्टर मार्टिन या प्रोग्रॅमरने ड्रायव्हर चालवून दाखवला. नंतर मायक्रोसॉफ्टचा सूर बदलला, आणि जून २०११ मध्ये कंपनीने स्वतःच किनेक्टवर चालणारी सॉफ्टवेअरं बनवायचा विंडोजसाठीचा विकास-संच उपलब्ध करून दिला.

यंत्रमानव बनवणाऱ्यांना दीडशे डॉलरमध्ये डोळा मिळाला. मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी किनेक्ट हातात धरून फिरवत खोलीचा त्रिमितीय नमुना तयार करणारं किनेक्टफ्यूजन दाखवलं. टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात शल्यविशारदांनी निर्जंतुक हातमोजे न काढता, हवेत हात फिरवून स्कॅनची चित्रं पुढे-मागे करायला त्याचा वापर केला.

सनीब्रुकचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. दिवाणखान्यात हात उचलून धरणं हा त्रास होता, कारण रिमोट शेजारीच पडलेला असायचा. शस्त्रक्रियागृहात माउसला हात लावला तर पुन्हा हात धुवून निर्जंतुक करावे लागतात, त्यात वेळ जातो. तिथे दोन सेकंद हात हवेत धरणं ही बचत आहे. यंत्र तेच होतं, त्याची उणीवही तीच होती. तुलना कशाशी होतेय, तेवढं बदललं.

सक्ती आणि संशय

२१ मे २०१३ रोजी एक्सबॉक्स वन जाहीर झाला. त्याबरोबर दुसऱ्या पिढीचा किनेक्ट होता आणि तो यंत्र म्हणून बहुतेक बाजूंनी सरस होता. ठिपक्यांची पद्धत सोडून तो प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजायचा. अशा पद्धतीवर काम करणाऱ्या थ्रीडीव्ही सिस्टिम्सची मालमत्ता मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आणि कॅनेस्टा ही कंपनी २०१० मध्ये घेतली होती. रंगीत चित्र १०८० रेषांचं झालं, चौकट रुंद झाली, एकाच वेळी सहा जणांची शरीरं आणि प्रत्येकाचे २५ सांधे कळू लागले. मूठ उघडी की मिटलेली हेही कळू लागलं, म्हणजे हात धरून थांबण्याची कटकट बरीचशी मिटली.

पण विकण्याची पद्धत बदलली होती. पहिला किनेक्ट ज्याला हवा त्याने घ्यायचा होता. दुसरा एक्सबॉक्सबरोबर घ्यावाच लागणार होता, आणि मूळ घोषणेनुसार तो जोडल्याशिवाय कन्सोल चालणारच नव्हता. मायक्रोफोन ‘एक्सबॉक्स ऑन’ या शब्दांची वाट पाहत बसणार होता.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत, जून २०१३ च्या सुरुवातीला, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या, इंटरनेट कंपन्यांकडून लोकांची माहिती मिळवणाऱ्या, प्रिझम कार्यक्रमाची कागदपत्रं फुटली, आणि त्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. सतत जागा असणारा कॅमेरा-मायक्रोफोन दिवाणखान्यात सक्तीने बसवायची घोषणा, आणि लगोलग ही बातमी. त्यात लोकांना मागच्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेला मायक्रोसॉफ्टचाच एक पेटंट अर्ज आठवला. टीव्हीसमोर किती माणसं बसली आहेत हे कॅमेऱ्याने मोजायचं, आणि परवान्यापेक्षा जास्त असतील तर चित्रपट दाखवायचा नाही, अशी ती कल्पना होती. पेटंट अर्ज म्हणजे विकायला काढलेली वस्तू नव्हे. कंपन्या असंख्य कल्पनांवर अर्ज करून ठेवतात. पण घरात डोळा बसवू पाहणाऱ्या कंपनीने, त्या डोळ्याने घरातली माणसं मोजून त्यांना अडवायची कल्पना कागदावर मांडली होती, हे तर खरं होतं. लोकांनी त्यावरून हेतू ओळखला असेल तर त्यांना भित्रं म्हणता येणार नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जोडणीची सक्ती मागे घेतली. किमतीचा घाव मात्र राहिला. नोव्हेंबरात एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आला, सोनीचा प्लेस्टेशन ४ त्याच महिन्यात ३९९ ला. ज्याला फक्त खेळायचं होतं त्याच्या दृष्टीने हे शंभर डॉलर नको असलेल्या डोळ्यासाठी होते. मे २०१४ मध्ये कंपनीने किनेक्टविना एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला जाहीर केला. किनेक्टसाठी राखून ठेवलेली ग्राफिक्स चिपची दहा टक्के ताकदही खेळ बनवणाऱ्यांना मोकळी करून दिली गेली.

खेळ बनवणाऱ्यांच्या बाजूने हे पाहा. किनेक्ट प्रत्येक घरात असेल या खात्रीवर त्यासाठी खेळ बनवण्यात अर्थ होता. ती खात्री गेली, वर तो न वापरल्यास जास्त ताकद मिळू लागली. मग किनेक्टचे खेळ कोण बनवणार, आणि खेळ नसतील तर किनेक्ट कोण घेणार? २०१६ च्या एक्सबॉक्स वन एसवर त्याची खोबणसुद्धा ठेवली नव्हती.

सक्तीचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. सगळ्यांकडे यंत्र असेल तरच त्यासाठी चांगली सॉफ्टवेअरं तयार होतील, हा विचार व्यापाराच्या दृष्टीने रास्त होता. चूक झाली ती घरात बघणाऱ्या यंत्राला हातात धरायच्या नियंत्रकासारखं (कंट्रोलरसारखं) समजण्यात. नियंत्रक नको असेल तर माणूस तो खणात ठेवतो. खोलीभर पाहणाऱ्या डोळ्याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत असतं, ज्याने तो विकत घेतला नाही त्याचंही. आणि डोळा बंद आहे याची खात्री करायची तर दोन्ही पिढ्यांत त्यावर सरकवायची झडपसुद्धा नव्हती. तार उपसायची, किंवा पट्टी भिंतीकडे फिरवायची.

शोधाचा पुढचा प्रवास

मायक्रोसॉफ्ट दुसऱ्या तंत्राकडे वळल्यावर प्राइमसेन्स मोकळी होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये, दुसरा किनेक्ट बाजारात आल्यानंतर दोनच दिवसांत, ॲपलने ती कंपनी घेतल्याला दुजोरा दिला. चार वर्षांनी आयफोन टेन आला: तीस हजारांहून अधिक इन्फ्रारेड ठिपके, हातभर अंतरावरच्या चेहऱ्यावर.

आता ती वर्गाच्या प्रमाणात वाढणारी चूक पुन्हा आठवा. तीन मीटरऐवजी तीस सेंटिमीटरवर आलं की अंतर दहापट कमी, आणि चूक तत्त्वतः शंभरपट कमी. नाकाचा उतार, डोळ्याची खोबण, सगळं मोजता येतं. टेबल हलवायला नको, पवित्रा नको, हात उचलायला नको. फोन उघडताना माणूस त्याच्याकडे बघतोच, आणि त्या बघण्यातच काम उरकतं. चेहऱ्याची माहिती फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित भागातच राहते असं ॲपलने पहिल्या दिवसापासून ठासून सांगितलं. ज्याला हे नको त्याच्यासाठी अंकांचा पासकोड होताच. किनेक्टला ज्या ज्या गोष्टींनी अडवलं, त्यांतली एकही इथे आड आली नाही.

व्हिडिओ किनेक्टची कल्पनाही परत आली, खोलीतलं अंतर मोजणाऱ्या यंत्राविना. २०१८ मध्ये फेसबुकने पोर्टल हे घरगुती व्हिडिओ कॉलचं उपकरण जाहीर केलं. त्याचा रुंद कॅमेरा स्थिर असायचा, आणि चित्रात माणूस ओळखून चौकट त्याच्यामागे सरकायची. कंपनीने त्याबरोबर कॅमेऱ्यावर लावायचं झाकण दिलं, आणि कॅमेरा-मायक्रोफोन एकदम तोडणारं बटणही. त्याच वर्षी मार्चमध्ये फेसबुकवरच्या लोकांच्या माहितीच्या गैरवापराचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीला आलं होतं, त्यामुळे त्या झाकणावर सगळ्यांचा भरवसा बसला असं नाही, पण ते द्यावं लागतं एवढं तरी उद्योगाला कळलं होतं. २०२१ मध्ये ॲपलने आयपॅड प्रोमध्ये सेंटर स्टेज आणलं. तेही रुंद भिंग आणि मागे सरकणारी चौकटच. अंतर मोजायची गरज उरली नव्हती, कारण सपाट चित्रातून माणूस ओळखण्याचं काम तोवर मशीन लर्निंगने सोपं करून टाकलं होतं.

मायक्रोसॉफ्टने किनेक्ट हे नाव आणखी एकदा वापरलं. २०१९ मध्ये ॲझ्युर किनेक्ट आला, ३९९ डॉलरला, कुठल्याही कन्सोलशी संबंध नसलेला, विकासक आणि उद्योगांसाठी. दिवाणखान्याचा त्यात उल्लेखही नव्हता. गोदामातल्या मोजणीसाठी, रुग्णाच्या व्यायामावर लक्ष ठेवण्यासाठी, संशोधनासाठी लोक तो घेत. २०२३ मध्ये त्याचंही उत्पादन थांबलं, पण ते अंतरमापक तंत्र मायक्रोसॉफ्टने इतर उत्पादकांना दिलं आहे, आणि त्यावर बनलेले कॅमेरे दुसऱ्या नावांनी विकले जात आहेत.